अधिकार आणि माणूस : एक ग्रीक वचन व साष्टीचा इतिहास

१

माणसाच्या हातीं अधिकार आला म्हणजे तो माणूस खरोखर कसा आहे हें कळतें, अशा अर्थाचें एक जुनें ग्रीक वचन आहे. अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत तें प्रियेनी नगरच्या बायसच्या नांवावर दिलें आहे. इतर ग्रंथकारांनीं तेंच सोलन व पिटॅकस यांच्याकडेही लाविलें आहे. हे तिघेही ग्रीकांच्या सात ज्ञानी पुरुषांत गणले जातात. वचन नक्की कोणाचें हा वाद आम्ही येथें करीत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. हें वचन इतिहासाच्या अभ्यासकास कसोटी म्हणून वापरतां येईल काय, आणि वापरल्यास आपल्या इतिहासांतील कांहीं प्रसंगांवर तिचा प्रकाश कसा पडतो, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कसोटी लावावयाची तर ती एकाच भूमीवर एकामागून एक आलेल्या राज्यकर्त्यांस लावावी, म्हणजे तुलना सरळ होते. त्यासाठीं आम्ही साष्टी बेट निवडलें आहे. मुंबईच्या उत्तरेस लागून असलेलें, वसईच्या व ठाण्याच्या खाड्यांनीं मुख्य भूमीपासून तुटलेलें हें बेट. सहासष्ट गांवांवरून त्यास हें नांव पडलें असें मानतात. अंधेरी, मालाड, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं त्यांतलींच स्थळें. इ. स. १९५० व १९५७ सालीं हीं उपनगरें टप्प्याटप्प्यानें मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं आणि १९९० सालीं मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज तेथें लोकल गाड्यांची व बाजारांची गर्दी आहे. परंतु त्या गर्दीखालीं सातवाहन, क्षत्रप, शिलाहार, गुजराथचे सुलतान, फिरंगी, मराठे व इंग्रज इतक्यांच्या सत्तेचे थर आहेत. मुंबई शहराच्या इतिहासावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मानानें साष्टीकडे लक्ष कमी गेलें. म्हणूनही ही निवड.

२

प्रथम ग्रीकांच्या मनांत काय होतें तें पाहूं. अधिकाराचा मान राखा, एवढेंच सांगून ते थांबले नाहींत. सोलनच्या नांवावर असा उपदेश आहे कीं, हुकूम करण्यापूर्वीं हुकूम मानण्यास शिकावें. हा उपदेश त्यानें स्वतः पाळला. इ. स. पू. ५९४ मध्यें अथेन्सची सूत्रें त्याच्या हातीं आलीं तेव्हां त्यानें कर्जापायीं गुलाम झालेल्यांस मोकळें केलें, नवे कायदे दिले, आणि सर्व सत्ता स्वतःकडे घेण्याची संधि असतां ती नाकारून दहा वर्षें तो परदेशीं निघून गेला. मिटिलीनी येथील पिटॅकसला लोकांनीं पूर्ण अधिकार दिला होता. दहा वर्षांनीं त्यानें तो आपण होऊन खालीं ठेविला. मद्याच्या धुंदींत केलेल्या गुन्ह्यास दुप्पट दंड, असा त्याचा कायदा होता. अथेन्समध्यें पुढें असा नियम झाला कीं, प्रत्येक अधिकाऱ्यानें मुदत संपतांच आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा, व ज्याची तक्रार असेल त्यानें ती त्या वेळीं मांडावी.

आज्ञापालनाची मर्यादाही ग्रीकांनीं विचारांत घेतली होती. सॉक्रेटीस या एकाच पुरुषाच्या चरित्रांत तिच्या दोन्ही बाजू दिसतात. इ. स. पू. ४०४ मध्यें अथेन्सवर तीस जणांची जुलमी सत्ता बसली, तेव्हां लेऑन नांवाच्या निरपराध गृहस्थास धरून आणण्याचा हुकूम त्यास व इतर चौघांस झाला. ते चौघे हुकुमाप्रमाणें गेले. सॉक्रेटीस सरळ घरीं गेला. पुढें इ. स. पू. ३९९ मध्यें न्यायसभेनें त्यासच देहांताची शिक्षा दिली. पळून जाण्याची सोय मित्रांनीं केली असतांही तो पळाला नाहीं. निकाल त्याच्या मतें चुकीचा होता, परंतु तो देणारी सभा कायद्याची होती. जुलमी हुकूम मानावयाचा नाहीं, आणि कायद्याच्या सत्तेपासून पळावयाचेंही नाहीं, असा हा भेद आहे.

परंतु बायसच्या वचनाची खरी कसोटी विजयाच्या क्षणीं लागते. शत्रु हतबल आहे, जाब विचारणारा कोणी नाहीं, अशा वेळीं माणूस काय करतो? मिटिलीनी शहरानें अथेन्सविरुद्ध केलेलें बंड इ. स. पू. ४२७ मध्यें मोडलें. तेथील सर्व पुरुषांस मारावें आणि बायकामुलांस गुलाम करावें असा ठराव अथेन्सच्या लोकसभेनें संतापाच्या भरांत केला व तो घेऊन एक गलबत रवाना झालें. दुसऱ्या दिवशीं लोकांस पश्चात्ताप झाला. पुन्हां सभा भरली, आणि डायोडोटस नांवाच्या वक्त्यानें ठराव फिरविला. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यानें दयेची याचना केली नाहीं. सर्वांस मारल्यानें राज्याचें हित होणार नाहीं. पुढचें प्रत्येक बंडखोर शहर मग शेवटच्या माणसापर्यंत लढेल, असा त्याचा युक्तिवाद होता. दुसरें गलबत निघालें; वल्हेकऱ्यांनीं वल्हीं मारतां मारतांच जेवण उरकलें, आणि हत्येचा हुकूम वाचून होत असतां तें बंदरांत पोहोंचलें. तरीही बंडाचे पुढारी म्हणून हजारावर माणसें मारलीं गेलीं, असें थ्युसिडिडीसच्या इतिहासांत आहे.

अकरा वर्षांनीं, इ. स. पू. ४१६ मध्यें, मीलॉस या लहानशा बेटाच्या बाबतींत दुसरें गलबत निघालें नाहीं. पुरुष मारले गेले, बायकामुलें विकलीं गेलीं. इ. स. पू. ४०५ मध्यें अथेन्सचें आरमार नष्ट झाल्याची बातमी शहरांत आली, त्या रात्रीं कोणाच्याही डोळ्यास डोळा लागला नाहीं, असें झेनोफन लिहितो. कारण जें आपण मीलॉसच्या लोकांचें केलें तेंच आतां आपलें होणार अशी प्रत्येकाची खात्री होती. पुढील वर्षीं शहर शरण आलें. कॉरिंथ व थीब्ज यांनीं तें समूळ नष्ट करावें असा आग्रह धरला. स्पार्टानें तो मानला नाहीं. अथेन्स वांचलें तें विजेत्याच्या संयमानें, जो अथेन्सला स्वतःला मीलॉस येथें दाखवितां आला नव्हता.

३

या यवनांचा आणि आमच्या किनाऱ्याचा संबंध केवळ कल्पनेचा नाहीं. वसईशेजारच्या सोपाऱ्यास अशोकाच्या आज्ञालेखांचे तुकडे इ. स. १८८२ व १९५६ मध्यें मिळाले. त्याच अशोकाच्या आज्ञांचें ग्रीक भाषांतर कंदाहार येथें १९५८ व १९६३ मध्यें सांपडलें, आणि त्यांत कलिंगविजयानंतरच्या त्याच्या खेदाचा भाग आहे. जिंकणाऱ्यानें जिंकल्याचा पश्चात्ताप जाहीर करावा, आणि तो यवन प्रजेस तिच्या भाषेंत कळवावा, ही घटना अपूर्व आहे. एकाच राजाची वाणी एका टोकास सोपाऱ्याच्या कोळी-व्यापाऱ्यांपर्यंत व दुसऱ्या टोकास ग्रीक वस्तीपर्यंत पोहोंचत होती.

यवन नावाडी येथें येत ते व्यापारासाठीं. इ. स. च्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याचें प्रवासवर्णन ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. मुलुंडहून खाडीपलीकडे थोड्याच अंतरावर असलेल्या कल्याण बंदराविषयीं त्यांत एक नोंद आहे. थोरल्या सारगनाच्या काळीं तें बंदर रीतसर व्यापाराचें होतें; सांदन नांवाच्या अधिपतीच्या ताब्यांत गेल्यावर तेथें अडथळे आले, आणि चुकून तेथें शिरलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जाऊं लागलीं. हे सारगन व सांदन कोण, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आम्हांस नोंदीचा आशय महत्त्वाचा वाटतो. एका परक्या व्यापाऱ्यास राजाचें नांव आठवलें तें त्याच्या पराक्रमामुळें नव्हे. एकानें बंदर उघडें ठेविलें, दुसऱ्यानें बंद केलें, एवढीच त्या दोघांची कीर्ति त्यानें जगास सांगितली.

आतां बोरिवलीच्या पूर्वेस डोंगरांत असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांकडे वळूं. शंभराहून अधिक लेणीं आणि त्यांच्यासाठीं खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं येथें आहेत. दानलेखांत कल्याण, सोपारें, नाशिक येथील दात्यांचीं नांवें येतात. त्यांतील एका टाक्यावरचा संस्कृत लेख खंडित असला तरी मोलाचा आहे. वासिष्ठीपुत्र शातकर्णीची राणी ही कार्दमक वंशांतील, एका महाक्षत्रपाची कन्या, असा त्यांत उल्लेख असून टाक्याचें दान शतेरक नांवाच्या अमात्यानें केलें आहे. महाक्षत्रपाच्या नांवाचें आद्याक्षर ‘रु’ तेवढें शिल्लक आहे. तो रुद्रदामा असावा असें बहुतेक अभ्यासक मानतात.

या टाक्याचा धागा थेट जुनागडास जाऊन पोहोंचतो. तेथील इ. स. १५० च्या सुमाराच्या शिलालेखांत रुद्रदामा सांगतो कीं, दक्षिणापथाचा स्वामी शातकर्णि यास आपण दोनदां उघड लढाईंत जिंकलें, परंतु जवळच्या नात्यामुळें त्याचा उच्छेद केला नाहीं, आणि त्यामुळें आपणांस यश प्राप्त झालें. त्याच लेखांत सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त केल्याची हकीकत आहे. बांधाचें खिंडार पाहून मंत्र्यांनीं तें काम अशक्य ठरविलें होतें. राजानें प्रजेवर नवा कर किंवा वेठ न लादतां, स्वतःच्या भांडारांतून खर्च करून, तें करविलें. अशोकाच्या वतीनें याच तलावाचे पाट काढणारा अधिकारी यवनराज तुषास्फ होता, हेंही तेथेंच कोरलें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, ही राजाची प्रशस्ति आहे. भाटाच्या शब्दांवर किती विश्वास ठेवावा? आक्षेप रास्त आहे. लेखांतील प्रत्येक विधान घडलेंच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु राजास आपली स्तुति कशाबद्दल व्हावीशी वाटते, यावरून त्या काळच्या लोकांस काय स्तुत्य वाटत होतें हें कळतें. शत्रूचा उच्छेद केला नाहीं, वेठ घेतली नाहीं, हें दगडावर कोरून ठेवण्याजोगें मानलें गेलें. आणि या एका गोष्टीस कान्हेरीच्या डोंगरांतील टाकें साक्ष आहे : जिंकणाऱ्याची कन्या जिंकलेल्याच्या घरीं राणी म्हणून मान पावत होती, आणि तिच्या नांवाच्या लेखाखालीं भिक्षूंस पाणी मिळत होतें.

४

इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादुरशाह यानें वसईच्या तहानें वसई, साष्टी व मुंबई पोर्तुगीजांस दिलीं. साष्टीच्या रयतेस कोणी विचारलें नाहीं. त्या काळीं तशी रीतही नव्हती. नव्या राज्यकर्त्यांजवळ उत्तम आरमार व दगडी किल्ले होते. त्यांनीं बांधकाम उदंड केलें, आणि त्यांच्या धर्मगुरूंनीं विद्यालयेंही चालविलीं. परंतु बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत त्यांच्या अधिकाराचें दुसरें रूप दिसतें. शिवमूर्तींनीं अलंकृत असलेलें हें सुमारें सहाव्या शतकांतील लेणें सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पंथाच्या जोग्यांनीं घेतलें. देवालयाचें ख्रिस्तमंदिर झालें, वर मठ व विद्यालय उभें राहिलें, आणि खडकांतील मूर्तींच्या शेजारीं क्रूस कोरला गेला. आपल्या देवाची भक्ति करावी यांत दोष नाहीं; दुसऱ्याच्या देवाच्या जागींच ती केली पाहिजे, हा हट्ट अधिकाराचा आहे, भक्तीचा नव्हे. पोर्तुगीज हिंदुस्थानांत १५५९ सालीं अनाथ हिंदु मुलांविषयीं झालेला कायदा याच वृत्तीचा होता. अनाथ मूल नातेवाइकांकडे न ठेवतां धर्मगुरूंच्या हवालीं करावें व त्यास बाप्तिस्मा द्यावा, असा त्याचा रोख होता.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य वाटतें. आम्ही दोष देतों तो सत्तेच्या वापरास. त्या काळीं ज्यांनीं ख्रिस्ती धर्म घेतला त्यांस किंवा त्यांच्या वंशजांस नव्हे. साष्टीचे ख्रिस्ती कोळी, कुणबी व आगरी कुळांतलेच होते, त्यांची बोली मराठीच राहिली, आणि १८८७ सालीं संस्था स्थापून त्यांनीं आपणांस ईस्ट इंडियन हें नांव घेतलें. ते या भूमीचे जुने पुत्र आहेत.

सुमारें दोनशें वर्षांनीं या अधिकाराचा मान रयतेच्या मनांतून उतरला. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अणजूरचे गंगाजी नाईक यांचीं नांवें या संदर्भांत प्रसिद्ध आहेत. धर्मच्छळाचें गाऱ्हाणें घेऊन ते पेशव्यांकडे गेले, आणि साष्टीच्या स्वारीस त्यांनीं स्थानिक माहितीचें व माणसांचें पाठबळ दिलें. इ. स. १७३७ च्या वसंतांत मराठे साष्टींत उतरले आणि ठाणें त्यांच्या हातीं आलें. किल्ल्याचें बांधकाम त्या वेळीं पुरेंही झालें नव्हतें.

अंताजींचें हें वर्तन राजद्रोहाचें म्हणावें काय? फिरंगी दफ्तरास तें तसेंच दिसणार. परंतु सॉक्रेटीसच्या उदाहरणांतला भेद येथें उपयोगीं पडतो. ज्या सत्तेपुढें गाऱ्हाणें मांडण्यास जागा असते, जिचा कायदा राजास व रयतेस सारखा लागतो, तिची आज्ञा कडू असली तरी मानावी. जेथें कायदाच माणसाच्या देव्हाऱ्यांत व पोरक्या मुलाच्या पाळण्यांत हात घालतो, तेथें मान मागण्याचा हक्क सत्तेनें आपणच गमावलेला असतो. किल्ल्याच्या भिंतींनीं तो परत मिळत नाहीं.

५

मराठ्यांची कसोटी दोन वर्षांनीं लागली. वसईचा वेढा हा मराठ्यांच्या इतिहासांतील अत्यंत बिकट वेढ्यांपैकीं एक. सुरुंग उडाले, हल्ले परतले, दोहों बाजूंचीं हजारों माणसें खर्चीं पडलीं. फिरंग्यांचा एक किल्लेदार लढतां लढतां ठार झाला. अखेर १७३९ च्या मे महिन्यांत तटास खिंडारें पडलीं आणि किल्ला टिकत नाहीं हें उघड झालें. चिमाजी आप्पांच्या फौजेच्या मनांत या वेळीं काय असेल, याची कल्पना मिटिलीनीचा पहिला ठराव ज्यांनीं वाचला त्यांस सहज येईल. इतकें रक्त सांडल्यावर सूड मागणें हें मनुष्यस्वभावास धरून होतें.

१६ मे १७३९ रोजीं ठरलेल्या तहाच्या शर्ती मात्र सूडाच्या नाहींत. फिरंगी शिबंदीनें हत्यारांसह, नगारे वाजवीत व निशाणें फडकवीत बाहेर पडावें. शहरांतील लोकांनीं आपली चीजवस्त घेऊन जावें. जे ख्रिस्ती राहूं इच्छितील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. तीन ख्रिस्तमंदिरें राखावीं, त्यांपैकीं एक साष्टींत. ठरल्याप्रमाणें आठवड्याभरांत शिबंदी व तिचीं कुटुंबें सुखरूप बाहेर पडलीं. शत्रूच्या स्त्रीस चिमाजी आप्पांनीं सन्मानानें परत पाठविल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. तीस समकालीन आधार हवा, म्हणून ती आम्ही येथें पुराव्यांत धरीत नाहीं. तिची गरजही नाहीं. तहाच्या शर्ती पुरेशा बोलक्या आहेत.

त्या शर्ती कागदावरच राहिल्या नाहींत, यास एक परका साक्षीदार आहे. आंक्तील द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान १७६० च्या अखेरीस साष्टींत हिंडला व कान्हेरीचीं लेणीं पाहून गेला. मराठी अमलांत ख्रिस्ती लोकांस धर्माचरणाची पूर्ण मोकळीक असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. ज्यांच्या पूर्वजांचीं देवळें गेलीं त्यांच्याच राज्यांत हें चाललें होतें.

येथेंही न्यायानें दुसरी बाजू सांगितली पाहिजे. विजयाबरोबर लूटही आली. फिरंग्यांच्या ख्रिस्तमंदिरांतल्या घंटा मराठ्यांनीं नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील १७२१ सालची घंटा त्यांचीच साक्ष देते. साष्टींतील कित्येक ख्रिस्तमंदिरें ओस पडलीं, आणि मंडपेश्वरावरचा मठही कालांतरानें भग्न झाला. शिवाय तहाच्या उदारपणांत हिशेब होताच. पावसाळा तोंडावर आला होता, फौज थकली होती. शत्रूस मानानें जाऊं दिलें तर किल्ला आजच मिळतो, नाहीं तर आणखी रक्त सांडतें. परंतु डायोडोटसचा युक्तिवाद तरी दुसरा काय होता? संयम हितकारक आहे हें ओळखून संयम राखणें, हा सत्तेच्या सदुपयोगाचा लहानसहान भाग नव्हे. मीलॉसच्या वेळीं अथेन्सला हितही दिसलें नाहीं आणि दयाही आली नाहीं.

६

साष्टी मराठ्यांकडे सुमारें सदतीस वर्षें राहिली. ती गेली त्याचें कारण ठाण्यास जितकें शोधावें तितकेंच पुण्यास शोधावें लागतें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं या प्रकरणीं रघुनाथरावास दोषी ठरविलें, आणि तो सत्तेवर असतांच तें त्यास ऐकवून पुणें सोडलें. शास्त्रीबुवा सरकारचे चाकर होते. चाकरीचा मान त्यांनीं अन्यायास संमति देऊन नव्हे, तर नकार देऊन राखला. हुकूम ऐकून सरळ घरीं जाणाऱ्या सॉक्रेटीसची आठवण येथें आल्यावांचून राहत नाहीं.

घरांतल्या या कलहाचा लाभ मुंबईकर इंग्रजांनीं घेतला. डिसेंबर १७७४ मध्यें त्यांनीं ठाण्यास वेढा घातला. पहिला हल्ला परतला. दुसऱ्या दिवशीं, २८ डिसेंबरास, किल्ला पडला. पहिल्या अपयशानें चिडलेल्या सैन्यानें किल्ल्यांतील बहुतेक शिबंदी कापून काढली, असें खुद्द ग्रँट डफ या इंग्रज इतिहासकारानेंच लिहून ठेविलें आहे. अंधेरीजवळच्या वेसाव्याचा किल्लाही त्याच मोहिमेंत गेला. पुढें मार्च १७७५ मध्यें रघुनाथरावानें सुरतेच्या तहांत साष्टी व वसई इंग्रजांस देऊं केली, आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टीवर त्यांचा हक्क कायम झाला.

वसई १७३९ आणि ठाणें १७७४ हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. दोन्हीकडे हल्ले परतले होते, दोन्हीकडे विजेत्याचा संताप सारखाच स्वाभाविक होता. एकीकडे हरलेला शत्रु नगारे वाजवीत बाहेर पडला. दुसरीकडे तो आंतच पडला. परंतु आम्ही या तुलनेवरून इंग्रजांस नांवें ठेवून मोकळे होऊं, तर बायसच्या वचनाचा अर्थ आम्हांस कळला नाहीं असेंच होईल. ज्या सत्तेनें वसईस संयम दाखविला त्याच सत्तेच्या वाड्यांत पुढें पुतण्याचा खून झाला. कसोटी जातीची किंवा राष्ट्राची नव्हे. ती त्या त्या माणसाची आहे, आणि तीही एकदां लागून संपत नाहीं.

हें तत्त्व शिकण्यासाठीं मराठ्यांस ग्रीकांकडे जावें लागलें नव्हतें. शिवछत्रपतींचें चिपळूणच्या छावणींतील अंमलदारांस पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. लष्करानें रयतेचें धान्य-वैरण ओढून नेलें, तर रयत शत्रूसच आपल्याहून बरा म्हणेल, असा त्याचा आशय. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें चालत आलेल्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड तोडण्याविषयींही नियम आहे : रयतेचीं फळझाडें बळानें तोडूं नयेत, घ्यावयाचीं तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावीं. सत्तेचा मान किल्ल्यावर ठरत नाहीं, तो कुणब्याच्या अंगणांतील आंब्याच्या झाडापाशीं ठरतो, हें ज्यानें ओळखलें त्यास सोलनचा उपदेश नवा वाटला नसता.

७

एकंदरीत पाहतां, अधिकाराचा मान आणि अधिकाराचा सदुपयोग या दोन वेगळ्या गोष्टी नाहींत, असें आम्हांस वाटतें. पहिली मागून मिळत नाहीं. ती दुसरीच्या मागोमाग येते, आणि दुसरी गेली म्हणजे तीही थोड्या काळानें जाते. फिरंग्यांस हें १७३७ मध्यें साष्टींत कळलें, आणि रघुनाथरावास १७७३ नंतर पुण्यास.

साष्टींत या इतिहासाच्या खुणा अजून उभ्या आहेत. कान्हेरीचीं टाकीं पावसाळ्यांत अजून भरतात. मंडपेश्वरास एकाच लेण्यांत शिवमूर्तींचे अवशेष व क्रूस जवळजवळ दिसतात. शेजारीं ख्रिस्ती वस्तीची प्रार्थना चालते आणि लेण्यांत शिवाची पूजाही होते. मुलुंडपलीकडचा ठाण्याचा किल्ला आज तुरुंग आहे. कोणत्याही राज्यकर्त्यानें आपल्या मागें ही अशीच खूण राहील असें मनांत आणलें नसेल. टाकें खोदविणाऱ्या शतेरकाचें नांव मात्र अठरा शतकांनंतरही पाण्याच्या कांठीं वाचतां येतें.

शेवटीं एक विनंति. मालाड, मरोळ, एकसर, कुर्लें, वेसावें या गांवांतील जुन्या घराण्यांपाशीं, हिंदु असोत वा ख्रिस्ती, वतनाचे, वाड्यांचे, धर्मादायांचे कागद असूं शकतात. घरें पाडून इमारती होत असतां ते रद्दींत जाऊं नयेत. राज्यकर्त्याचें म्हणणें तहनाम्यांत व शिलालेखांत टिकून राहतें. ज्याच्यावर राज्य केलें गेलें त्याचें म्हणणें अशा कागदांतच सांपडतें. आणि अधिकारानें माणूस कसा दिसला, हें सांगण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे.